पेटीतली अमानत

गेल्या वर्षी रमजानच्या आधी अम्मीच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर दोन-तीन दिवस ती घरभर हिंडून एकेक वस्तू नव्याने बघत होती. भिंतीवरचा पोपडा, बाजीचे पिकलेले केस, सगळे तिला एकदमच दिसले. चौथ्या दिवशी तिने कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडवला, त्यातली एक छोटी पितळी चावी वेगळी काढली आणि बाजीच्या हातावर ठेवली.

"आता दिसतंय मला. माळ्यावरची पेटी खाली काढा. ती मशीन लावा."

आम्ही तिघे भावंडे एकमेकांकडे बघत राहिलो. ती पेटी १९७८ नंतर आमच्यापैकी कुणी उघडलेली नव्हती. तिच्यात काय आहे ते मात्र तिघांनाही ठाऊक होते.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत कर्ता पुरुष घरी असणे हीच नवलाई. आधी बोटीवर आणि मग कुवेत, बहरीन. अब्बा १९६९ मध्ये मुंबईहून बोटीने कुवेतला गेले. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. १९७४ च्या रजेत त्यांनी कापडचोपड, अत्तर आणि ट्रान्झिस्टरबरोबर दोन विचित्र वस्तू आणल्या. एक हातात मावणारा सुपर-८ चा कॅमेरा आणि दुसरी ऑस्ट्रियात बनलेली, फिल्म भिंतीवर दाखवणारी मशीन. प्रोजेक्टर हा शब्द घरात कुणी वापरला नाही, ती 'मशीन'च राहिली.

सुपर-८ ची फिल्म करंगळीच्या नखाएवढी रुंद. एका रिळात ५० फूट. एका सेकंदात १८ चित्रे या वेगाने ती चालते ३ मिनिटे २० सेकंद. एवढ्यात ३६०० चित्रे डोळ्यांसमोरून जातात. आवाज नाही. अब्बा रजेत दोन-तीन रिळे भरत, परत जाताना बरोबर नेत, तिथून ती धुण्यासाठी टपालाने परदेशी प्रयोगशाळेत पाठवत. पिवळ्या डबीत परत आलेली रिळे घरी यायची ती पुढच्या रजेला. म्हणून भिंतीवर आम्हाला नेहमी दोन वर्षांपूर्वीचे आम्ही दिसायचो. बाजी स्वतःकडे बोट दाखवून विचारायची, "ही कोण?"

दादीला चित्रांचे हे प्रकरण पसंत नव्हते. इशाची नमाज झाल्यावर चादर टांगली की ती तसबीह घेऊन पडवीत जाऊन बसायची. दार मात्र लोटून घ्यायची नाही. थोडी फट ठेवायची.

बाजीच्या पाठचा आमचा एक भाऊ होता. घरात त्याला सगळे मुन्नाच म्हणत. १९७६ च्या मे महिन्यात अब्बा रजेवर आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आंबे उतरवण्याच्या दिवशी अब्बांनी शेवटचे रीळ भरले आणि जूनमध्ये ते परत गेले. जुलैच्या मुसळधार पावसात मुन्नाला ताप भरला. खाडी फुगलेली, होडी बंद. चौथ्या रात्री तो गेला. कुवेतला तार पोचली तेव्हा त्याला माती देऊन दोन दिवस झाले होते. त्यानंतर काही आठवड्यांनी अब्बांच्या हातात ती पिवळी डबी पडली. आंबे उतरवण्याचे रीळ धुऊन आले होते.

ते रीळ अब्बांनी १९७८ मध्ये घरी आणले आणि एका रात्री लावले. बाजी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला एवढेच आठवते की अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, दादी त्या दिवशी पडवीत न जाता दारातच उभी राहिली, आणि रिळाच्या शेवटी चित्र फार हलत होते. दुसऱ्या दिवशी अब्बांनी अकराही रिळे, कॅमेरा आणि मशीन पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावले आणि चावी अम्मीला दिली. "ही तुझी अमानत. तुला वाटेल तेव्हा बघू." पुढे त्यांनी कधी कॅमेरा हातात घेतला नाही. धाकट्याचा जन्म १९७९ चा. त्याचे एकही चित्र त्या रिळांत नाही आणि मुन्नाला त्याने कधी पाहिलेले नाही. २००९ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. चावी अम्मीच्या कमरेला तशीच राहिली.

पेटी उघडली तसा सिरक्याचा वास आला. आम्हाला वाटले, कुणीतरी लोणच्याची बरणी ठेवली होती की काय. नंतर कळले की तो वास फिल्मचाच होता. ही फिल्म ॲसिटेटवर बनते. दमट, गरम हवेत ॲसिटेट हळूहळू कुजते आणि त्यातून सिरक्यातले आम्ल सुटते. बंद डब्यात ते बाहेर जाऊ शकत नाही, तिथेच कोंडते आणि उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने खाते. कोकणातले सत्तेचाळीस पावसाळे त्या पेटीवरून गेले होते. अब्बांनी डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या, प्रत्येक डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती. जपण्यासाठी जे जे केले होते, त्यातल्या प्लास्टिकने आणि कुलपाने नुकसानच वाढवले होते.

मग आमच्या हातून चूक झाली. धाकट्याला धीर निघेना. त्याने मशीन पुसली आणि सरळ वायर प्लगमध्ये घातली. मशीन घुमली, पण फिरली नाही. जळक्या रबराचा वास आला, धूर निघाला आणि फ्यूज उडाला. बाजी त्याच्यावर ओरडली, मधला दोघांवर. आतून अम्मीचा आवाज आला, "घाई कशाला करता? इतकी वर्षं मी थांबलेच आहे ना?"

तिघेही गप्प झालो.

बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक वयस्कर चाचा आहेत. त्यांच्याकडे मशीन नेली तर म्हणाले, असली वस्तू मी उघडलेली नाही, पण आपण मिळून बघू. झाकण काढले आणि ते हसले. फिल्म खाली ओढणारा इवलासा पंजा दाखवून म्हणाले, "हे तर आपलंच काम. शिलाई मशीनचे दाते कापड पुढे सरकवतात, थांबतात, परत सरकवतात. हा पंजा तसाच. एक चित्र ओढतो, थांबतो, दुसरं ओढतो." चाचांचे म्हणणे किती खरे होते ते पुढे वाचनात आले. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंना चलच्चित्राच्या यंत्राची युक्ती शिलाई मशीनवरूनच सुचली होती. त्यांचीच चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमा आला.

दुरुस्तीला दोन महिने लागले. त्यात अवघड विद्या काही नव्हती, फक्त प्रत्येक गोष्ट तिच्या क्रमाने करायची होती. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी मशीन असेल म्हणून तो क्रम सांगतो.

आधी वायर. जुन्या वायरचे रबर बोट लावताच भुगा होत होते. ती पूर्ण बदलली. नंतर वायरमन लोक करतात तसा १०० वॅटचा साधा बल्ब मध्ये सिरीजमध्ये जोडून मशीनला वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचते. धाकटा म्हणाला, पहिल्या दिवशी हा बल्ब असता तर धूर निघाला नसता.

मग वंगण. गिअरवरचे ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते, त्यामुळेच मोटार अडकून घुमत होती. रॉकेलच्या बोळ्याने ते सगळे काढले. जिथे दांडा फिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आणि गिअरला थोडे नवे ग्रीस. चाचांनी बजावले, "थेंब म्हणजे थेंब. जास्त घातलं तर ते पट्ट्यावर उडेल, फिल्मवर उडेल."

पट्टा तर राहिलाच नव्हता. रबर वितळून त्याचे डांबर झाले होते आणि दोन्ही पुलींना चिकटले होते. औषधाच्या दुकानातले स्पिरिट आणि जुनी सुती बनियन यांनी ते काढायला एक अख्खा दिवस गेला. मशीन बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला, सुटा भाग कुठून मिळणार? चाचांनी पुलींभोवती दोरा फिरवला, लांबी मोजली आणि पट्टा ताणून बसावा म्हणून त्यातून थोडी वजा केली. पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडून त्या मापाची गोल रबरी रिंग आणली. पहिली फार घट्ट निघाली, मोटार तापू लागली. दुसरी बरोबर बसली.

ज्या खिडकीतून फिल्म जाते तिथे जुन्या फिल्मचा मळ दगडासारखा चिकटला होता. तो लोखंडाने खरवडायचा नाही. आम्ही बांबूची काडी तासून घेतली आणि भिंग लावून साफ केला. तिथे एक कण जरी राहिला तरी तो सगळ्याच्या सगळ्या ३६०० चित्रांवर एक उभी रेघ ओढतो. लेन्सवर बुरशीची जाळी होती. बाहेरची पुसून गेली, आतली थोडी राहिली. राहू दिली.

दिवा १२ व्होल्ट, १०० वॅटचा हॅलोजन. तो मुंबईला लोहार चाळीत मिळाला. भाच्याने आणला आणि आणताना दुकानदाराची ताकीदही आणली. दिव्याच्या काचेला उघडे बोट लावू नका. बोटाचे तेल काचेवर राहते, तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा फुटतो. कागदात धरून बसवला.

चालवून बघायला दुसरी फिल्म हवी होती. घरातले एकही रीळ आम्ही मशीनच्या तोंडी देणार नव्हतो, एवढे आता शिकलो होतो. भाच्याने चोर बाजारातून एक बेवारस रीळ आणले. ते लावले आणि भिंतीवर कुठल्या तरी परक्या मुलखातली दोन मुले बर्फावरून घसरताना दिसली. मागून त्यांची आई धावत आली, पडली आणि हसायला लागली. ही मुले आज कुठे असतील? त्यांच्या घरची चित्रे मुंबईच्या भंगारात कशी आली? बाजी म्हणाली, "कुणाच्या तरी पेटीची चावी हरवली असणार."

त्या रिळाने आम्हाला पुष्कळ शिकवले. पंजा फिल्मला हिसका देऊन ओढतो, पण खालचे-वरचे दातेरी चाक एकसारखे फिरत असते. म्हणून खिडकीच्या वर आणि खाली फिल्मला थोडा सैल वळसा ठेवावा लागतो. वळसा कमी पडला तर फिल्म फाटते. आमची दोनदा फाटली. अनोळखी मुलांची फिल्म, तरी मनाला लागले. टेपने नीट जोडली. आणखी एक गोष्ट कळली. फिल्म मध्येच अडकली आणि दिवा चालू राहिला, तर समोरचे चित्र तपकिरी होते, फुगते आणि जळते. म्हणून मशीन चालू असताना एक हात कायम दिव्याच्या बटणावर हवा.

आता मुन्नाचे रीळ. ते मशीनमध्ये जाण्याजोगे आहे की नाही, हे आधी बघायचे होते. कुजलेली फिल्म आखडते, मग तिची छिद्रे पंजाला जुळत नाहीत. नव्या फिल्मचा तुकडा शेजारी ठेवून शंभर छिद्रे मोजली. एका छिद्राचा फरक पडला असता तर फिल्म शंभरात एक भाग आखडली असे झाले असते आणि तिला हात लावता आला नसता. फरक अर्ध्या छिद्राहूनही कमी निघाला. अल्हम्दुलिल्लाह.

तरीही आमच्यात वाद झाला. मधल्याचे म्हणणे, आधी मुंबईला नेऊन एकेका चित्राची कॉपी करून घेऊ. तिथे पंजा नसतो, फिल्म ओढली जात नाही, धोका नाही. धाकट्याला वाटे, अम्मीच्या आधी परक्या माणसाने मुन्नाला का बघावे? दोन दिवस घरात कुणी नीट बोलले नाही. शेवटी अम्मीनेच निकाल दिला. "कॉपी करा. पण तुम्ही बघू नका. आधी मी."

कॉपी झाली. पेनड्राइव्ह घरी आला. आम्ही तिघांनीही तो उघडला नाही. हे सोपे नव्हते, विशेषतः ज्याने आपल्या भावाला कधी पाहिलेच नव्हते त्याला.

पावसाळा संपल्यावर, एका शुक्रवारी इशानंतर, ओटीवर पांढरी चादर टांगली. अम्मी खुर्चीवर बसली. बटणावर धाकट्याचा हात. दिवा लागला, टकटक सुरू झाली आणि चादरीवर १९७६ चा मे महिना उतरला.

रंग तसेच होते. आंब्याची पाने, अंगणातली लाल माती, दादीची हिरवी ओढणी. झाडावर माणसे, खाली टोपल्या. मग मुन्ना. दोन्ही हातांत आंबे, डोक्यावरची टोपी तिरकी. तो कॅमेऱ्याकडे आला, तोंड उघडून काहीतरी बोलला, पुन्हा बोलला. हात पुढे केला. आम्हाला वाटले, तो आंबा देतोय.

"आंबा नाही देत," अम्मी म्हणाली. "कॅमेरा मागतोय. 'मला दे, मला दे' करून डोकं खाल्लं होतं."

आणि चित्र हलायला लागले. आधी जमीन, मग आभाळ, मग कुणाचे तरी पाय. बाजीला लहानपणापासून आठवत होता तो हाच भाग. अब्बांचा हात हलला असेल असे ती आजवर समजत होती. चित्र वर गेले. लुंगी, सदरा आणि मग अब्बांचा चेहरा. तिशीतले अब्बा, घामाने निथळलेले, पोटापासून हसताहेत. अकरा रिळांत अब्बा कुठेच नाहीत, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा. इथे मात्र ते होते, खालून वर बघितलेले, सहा वर्षांच्या उंचीवरून.

"हे मुन्नाने काढलंय," अम्मी म्हणाली.

मग कॅमेरा दारात गेला. दारात एक तरुण बाई पदराने तोंड झाकून हसत होती. ती हात हलवून 'नको, नको' म्हणत होती. एवढ्यात रीळ संपले. चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला आणि रिळाचे टोक फटफटत फिरत राहिले.

धाकट्याने दिवा बंद केला. बराच वेळ कुणी बोलले नाही. अब्बांनी १९७८ मध्ये त्या रात्री काय पाहिले असेल, ते आम्हाला आत्ता कळत होते. त्यांच्या मुलाला ते कसे दिसत होते, ते त्यांनी पाहिले होते, आणि माती द्यायलाही ते जवळ नव्हते.

"पुन्हा लावू?" धाकट्याने विचारले.

"नको. त्याला त्रास होईल," अम्मी म्हणाली. फिल्मला म्हणाली की मुन्नाला, ते आम्ही विचारले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी आधीच बघायला हवं होतं. ह्यांच्याबरोबर. मला वाटायचं, बघितलं तर माझा सब्र तुटेल. म्हणून चावी जपत बसले."

आता ती कॉपी तिच्या फोनमध्ये आहे. अब्बांचा चेहरा येतो तिथे ती कधीकधी थांबवते. मशीनवर हे करता येत नाही.

मूळ रिळे आम्ही प्लास्टिकमधून काढली आहेत. सैल झाकणाच्या डब्यांत, माळ्यावर नाही तर खालच्या खोलीतल्या कोरड्या कपाटात ठेवली आहेत. सिरक्याचा वास असलेली चार वेगळी. मशीन दर पावसाळ्यानंतर काढायची, फिल्म न लावता दहा मिनिटे फिरवायची, तेलाचा थेंब द्यायचा, पट्टा बघायचा, असे ठरवले आहे. हे काम धाकट्याने स्वतःकडे घेतले आहे.

आखाताने किंवा बोटीच्या नोकरीने आपल्या कितीतरी घरांत अशा वस्तू आणून सोडल्या आहेत. फिल्मची रिळे, आवाजाच्या पत्रांच्या कॅसेटी, अल्बम. त्या कुलपात असतील तर एकदा उघडा. वीज लावू नका, आधी वास घ्या, हवा द्या, जाणत्या माणसाला दाखवा. कॉपी करून घ्या. आणि सर्वांत आधी, घरात जे वडीलधारे आहेत त्यांच्याशेजारी बसून विचारा, चित्रात कोण आहे, काय बोलत आहे. आमची फिल्म मुकी होती. मुन्ना काय मागत होता, हे सांगणारे माणूस घरात अजून होते, ही अल्लाहची मेहेरबानी.

पेटी आता रिकामी आहे. पितळी चावी अम्मीने परत जुडग्यात घातली नाही, ती कपाटाच्या दारालाच लावलेली असते.